धंद्याचा लोगो स्वतः करताना: पाकिटापासून टॉवेलच्या काठापर्यंत

लोगो पसंत होतो मोबाइलच्या पडद्यावर आणि बिघडतो पाकिटावर, शिक्क्यात, टॉवेलच्या काठावर. पडद्यावर बारीक रेष, सावली, सोनेरी झळाळी सगळंच छान दिसतं. तोच लोगो रबराच्या शिक्क्यात गेला की काळा ठिपका होतो. म्हणून नवख्या माणसाने कामाची दिशा उलटी ठेवावी. लोगो सगळ्यात लहान आणि सगळ्यात खडबडीत कुठे छापला जाणार, ते आधी ठरवा आणि तिथे टिकेल असाच काढा. तिथे टिकलेला लोगो मोठ्या पाटीवरही चालतो. पाटीसाठी काढलेला मात्र बरणीच्या झाकणावर बसेलच असं नाही.

पहिली पायरी: छापण्याच्या जागांची यादी

एका पानावर लोगो जिथे जिथे जाणार त्या सगळ्या जागा लिहा. घरगुती शेंगा चटणीचा धंदा असेल तर २०० ग्रॅमचं पाकीट, बरणीचं झाकण, बिलबुक, शिक्का, व्हॉट्सॲपचा गोल फोटो, दुकानाची पाटी, आणि जानेवारीत सोलापूरच्या गड्डा यात्रेला होम मैदानावर स्टॉल लावणार असाल तर त्याचा फ्लेक्स. गणवेश शिवणाऱ्याला कॉलरचं विणलेलं लेबल आणि खिशावरचं भरतकाम. टॉवेल-चादरीवाल्याला काठावरची जकार्ड विणाई (धाग्यांनीच नक्षी विणणं) आणि कार्टनवरची एकरंगी छपाई.

प्रत्येक जागेपुढे तीन गोष्टी लिहा: मिलिमीटरमध्ये आकार, किती रंग परवडतात, आणि छपाई कोणत्या पद्धतीची. कोणत्या पद्धतीत किती बारीक रेष टिकते याचे ठोकताळे असे. कागदावरच्या ऑफसेट किंवा डिजिटल छपाईत पाव मिलिमीटरची रेष चालते, पण गडद रंगात पांढरी रेष सोडायची असेल तर अर्धा मिलिमीटर हवी, कारण शाई दोन्ही बाजूंनी आत सरकते. शिक्क्यात ०.४ मिलिमीटरच्या खाली जाऊ नका. कापडावरच्या स्क्रीन प्रिंटिंगला अर्धा ते पाऊण मिलिमीटर. भरतकामात एक मिलिमीटर, आणि अक्षराची उंची निदान ८ ते १० मिलिमीटर. रोमन अक्षरं ५-६ मिलिमीटरमध्ये निघतात, पण देवनागरीत वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार त्याच उंचीत बसवायचे असतात.

टॉवेलचं गणित वेगळं. जकार्डवर चित्र म्हणजे ग्राफ पेपरवरचे चौकोन: आडवे मोजले तर ताण्याचे (उभे) धागे, उभे मोजले तर बाण्याचे (आडवे). समजा मागावर सेंटिमीटरला २० धागे आहेत, तर १ मिलिमीटरच्या रेषेला दोनच धागे मिळतात आणि टेरी कापडाच्या, म्हणजे टॉवेलवरच्या सुटलेल्या धाग्यांच्या, फासांत ती रेष बुडून जाते. २ ते ३ मिलिमीटर जाडी ठेवा. आणखी एक चूक इथे हमखास होते. सेंटिमीटरमागे ताण्याचे आणि बाण्याचे धागे सारखे नसतात. चौकोन समान धरून डिझाइन दिलं तर वर्तुळ अंड्यासारखं लांबट विणून येतं. डिझाइन करणाऱ्याला दोन्ही आकडे विचारा आणि त्या प्रमाणात आखलेल्या ग्राफवर लोगो एकदा पेन्सिलीने भरून बघा. ६० बाय ६० चौकोनांत तो ओळखू आला नाही, तर मागावरही येणार नाही.

दुसरी पायरी: नाव आणि अक्षरं

लहान धंद्याला चित्रापेक्षा अक्षरांचा लोगो जास्त कामाचा, असं आमचं स्पष्ट मत आहे. गिऱ्हाईक नावाने विचारत येतं. चित्र ओळखीचं व्हायला वर्षं लागतात आणि तेवढा जाहिरातखर्च आपल्याकडे नसतो. चित्र ठेवायचंच तर ते नावाशेजारी ठेवा, नावाच्या जागी नको.

सोलापुरात सिद्धेश्वराच्या नावाने आणि तळ्यातल्या मंदिराच्या आकृतीने लोगो करायची ओढ सगळ्यांनाच असते. श्रद्धा खरी आहे, पण त्याच नावाच्या आणि त्याच आकृतीच्या दहा पाट्यांमध्ये अकरावी ओळखू येत नाही. शिवाय देवाचं चित्र पाकिटावर छापलं की ते पाकीट शेवटी रस्त्यावर पडतं, आणि ते कुणालाच बघवत नाही. नाव देवाचं ठेवा, हरकत नाही. आकृती मात्र स्वतःच्या कामातून शोधा.

आता अक्षरं जवळून बघू. समजा चटणीच्या धंद्याचं नाव ठेवलं 'उखळ'. शेंगा चटणी उखळात कुटतात, त्यामुळे नाव कामातूनच आलं, आणि धंदा चालला की 'उखळ पांढरं झालं' म्हणायला आपली भाषा तयारच आहे. लोगोच्या दृष्टीने हे नाव सोन्यासारखं आहे. तीनच अक्षरं, शिरोरेषेच्या वर काही नाही, खाली उकार नाही. त्यामुळे मिळालेली सगळी उंची अक्षरांनाच वापरता येते. 'शेंगा'मध्ये मात्रा आणि अनुस्वार वर जागा खातात, तर 'गुरुकृपा'मध्ये खालचा उकार आणि ऋकार.

तरी धोके आहेतच. 'ख'चे दोन भाग खाली जोडलेले नसतील तर लांबून 'रव' वाचला जातो, म्हणून तो जोड ठळक ठेवा. 'ळ'च्या दोन पोकळ्या लहान आकारात शाईने भरतात. अक्षर जाड करताना बाहेरच्या बाजूने वाढवा, आतली पोकळी तशीच मोकळी ठेवा.

'सोलापूर' लिहिताना 'ल' बघा. कित्येक फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा, उजवीकडे उभा दांडा असलेला 'ल' येतो. मराठी 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा. शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही तीच रूपं आहेत. 'तिरो देवनागरी मराठी' या फॉन्टमध्ये ती आपोआप मिळतात. दुसऱ्या फॉन्टमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडल्यावर कधी मिळतात, कधी नाही. नाही मिळाली तर अक्षराचा आकार हाताने बदलावा लागतो.

'कडक भाकऱ्या' लिहायचं असेल तर 'ऱ्या' तपासा. आडव्या चंद्रकोरीसारखा र हवा. तो ऱ, हलन्त आणि या अशा क्रमाने टाइप होतो. साधा र टाइप केला की रफार डोक्यावर चढतो आणि 'भाकर्या' असं चुकीचं छापलं जातं. छापखान्यातला माणूस ते सुधारेलच असं धरून चालू नका.

फॉन्ट फुकटचे भरपूर आहेत. मुक्ता, बालू, अनेक, हिंद, खंड हे सगळे ओपन फॉन्ट लायसन्सखाली येतात. धंद्याच्या लोगोत वापरायला पैसे किंवा परवानगी लागत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात दुकान असेल आणि पाटीवर तेलुगू किंवा कन्नडही हवं असेल, तर 'अनेक' किंवा 'बालू' घ्या. या कुटुंबांत देवनागरी, कन्नड आणि तेलुगू एकाच हाताच्या वळणाची मिळतात. कन्नड-तेलुगूला शिरोरेषा नाही, अक्षरं गोल, त्यामुळे त्याच पॉइंटात ठेवली तरी लहान-मोठी भासतात. आकडा बघू नका, डोळ्याने जुळवा.

पाटीच्या कायद्याचा परिणाम थेट लोगोवर होतो, म्हणून तो इथेच सांगतो. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे नामफलकावर मराठी देवनागरीतलं नाव सुरुवातीला हवं आणि इतर लिपीतली अक्षरं त्याहून मोठी नकोत. रोमन अक्षरांचा मोठा लोगो आणि खाली बारीक मराठी ओळ अशी रचना केली, तर पाटी पुन्हा करावी लागते. देवनागरी मुख्य धरूनच सुरुवात करा.

तिसरी पायरी: काय वापरायचं नाही, आणि नाव मोकळं आहे का

संगणक उघडण्याआधी ट्रेड मार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट शोध घ्या. नावाचं रोमन स्पेलिंग तीन-चार प्रकारे लिहून बघा आणि उच्चारावरून होणारा 'फोनेटिक' शोधही घ्या. नोंदणी मालाच्या प्रकारानुसार वर्गांत होते, तो वर्ग बरोबर निवडा: टॉवेल-चादरी २४, तयार कपडे २५, चटणी-मसाले ३०, भाजलेले-खारवलेले शेंगदाणे २९, खाणावळ ४३.

छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र, महात्मा गांधी, राष्ट्रध्वज, अशोकस्तंभ यांच्या व्यापारी वापरावर १९५० च्या कायद्याने बंदी आहे. औषधाच्या दुकानाला पांढऱ्यावर लाल क्रॉसही चालत नाही. त्या चिन्हाला १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याचं संरक्षण आहे. खाद्यपदार्थ विकत असाल तर चौकोनात हिरवा ठिपका लोगोत आणू नका. ते शाकाहाराचं सक्तीचं चिन्ह आहे, आणि पाकिटावर ते वेगळं छापावंच लागतं. 'सोलापुरी चादर' आणि 'सोलापूर टेरी टॉवेल' ही नोंदणी झालेली भौगोलिक मानांकनं आहेत. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झाल्याशिवाय जीआयची (भौगोलिक मानांकनाची) खूण लोगोशेजारी लावू नका.

चौथी पायरी: पेन्सिल

कागदावर ३ सेंटिमीटरचे ३० चौकोन आखा आणि एका बैठकीत सगळे भरा. पहिले आठ-दहा आधी कुठेतरी पाहिलेलेच निघतात, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. वेगळं काही साधारण त्यानंतर येतं. चौकोन मुद्दाम लहान ठेवायचे, म्हणजे बारीकसारीक नक्षी काढताच येत नाही. खोडरबर वापरू नका, पुढच्या चौकोनात जा.

भरून झाल्यावर पान भिंतीला लावा आणि दहा फूट मागे जा. जे तीन ओळखू येतात तेवढेच ठेवा. ते काळ्या स्केचपेनने मोठे काढा. रंग अजून नाही. काळ्या-पांढऱ्यात उभा न राहिलेला लोगो रंगाने सावरत नाही, आणि बिलबुक, शिक्का, कार्टन ही सगळी एकरंगीच असतात.

पाचवी पायरी: इंकस्केपमध्ये

इंकस्केप हे संगणकावर चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि व्हेक्टर रेखाटनाला पुरेसं आहे. व्हेक्टर म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांच्या गणिताने साठवलेलं चित्र. कितीही मोठं केलं तरी फाटत नाही. मोबाइलवरच्या तयार साच्यांतून लोगो करणं सोपं वाटतं, पण त्या साच्यातली चित्रं इतर हजारोंनाही खुली असतात, त्यामुळे त्यांवर तुमचा एकट्याचा हक्क सांगता येत नाही. एआयने काढलेल्या चित्रात देवनागरी जोडाक्षरं बऱ्याचदा मोडकी येतात, आणि बहुधा हाती येतो तो फोटो, रेषा नव्हे.

काम असं करा. स्केचचा फोटो पानावर आणा, फिकट करा, कुलूपबंद करा. त्यावर नाव युनिकोड कीबोर्डने टाइप करून फॉन्ट लावा. अक्षरांमधलं अंतर सरसकट वाढवू नका, देवनागरीची शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. अंतर हवंच असेल तर अक्षरं सरकवल्यावर शिरोरेषा वेगळा आयत काढून सलग करा.

नाव पक्कं झालं की मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवा. मग पाथ मेनूतून 'ऑब्जेक्ट टू पाथ' द्या (म्हणजे अक्षरं फॉन्ट न राहता रेषांच्या आकृती होतात), आलेला गट 'अनग्रुप' करा, सगळं निवडून 'युनियन' द्या. युनियन विसरू नका. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्यावर थोडी चढलेली असते. पडद्यावर ते दिसत नाही. पण रेडियमच्या कटिंग मशीनला किंवा ॲक्रिलिक कापणाऱ्या लेझरला त्या चढलेल्या कडाही कापायच्या रेषाच वाटतात. मग गाडीवर लावायचं रेडियम सोलताना शिरोरेषेचे तुकडे हातात येतात. तपासायला सोपं आहे: व्ह्यू मेनूतून 'आउटलाइन' रूप लावा. शिरोरेषेत उभ्या चिरा दिसल्या तर युनियन झालेलं नाही.

दुसरी फसगत रेषेच्या जाडीची. नुसत्या जाड रेषेने काढलेल्या आकृतीला 'स्ट्रोक टू पाथ' द्या. नाहीतर २ सेंटिमीटरच्या लोगोतली १ मिलिमीटरची रेष २ मीटरच्या पाटीवरही १ मिलिमीटरच राहू शकते, आणि उखळाभोवतीचं वर्तुळ गायब झालेलं पाटी चढवल्यावर कळतं.

सहावी पायरी: रंग

दोन रंग पुरेत. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन आणि वेगळा खर्च. तिसरा रंग हवा असेल तर कागदाचा किंवा कापडाचा रंगच तिसरा धरा. पडद्यावरचा झगझगीत हिरवा आणि निळा छपाईच्या चार शाईंतून निघत नाही, मळकट येतो. इंकस्केपच्या पीडीएफमध्ये रंग साधारणपणे पडद्याच्या पद्धतीने जातात, तेव्हा छापखान्याला सीएमवायके आकडेच, म्हणजे चार शाईंचे टक्के, लिहून द्या. चटणीच्या लाल-तपकिरीला सायन २०, मॅजेंटा १००, यलो १००, ब्लॅक १५ पासून सुरुवात करा आणि नमुना बघून बदला. बारीक काळी अक्षरं फक्त ब्लॅक १०० मध्ये ठेवा. चार शाई एकावर एक आल्या की जराशा सरकण्यानेही अक्षराला रंगीत कडा येते.

आपल्याकडचं ऊन विसरू नका. फ्लेक्सवरचे लाल-पिवळे सगळ्यात आधी उडतात. दक्षिण किंवा पश्चिमेला तोंड असलेल्या पाटीवर नाव गडद निळ्या, काळ्या किंवा गडद तपकिरी रंगात आणि लाल फक्त सजावटीला ठेवा, म्हणजे रंग उडाले तरी नाव वाचता येतं. शेंगा चटणीला तेल सुटतं. साध्या कागदाच्या पांढऱ्या लेबलवर ते डाग धरतं, आणि फिकट रंगाचा लोगो त्या डागात हरवतो. लॅमिनेशन केलेलं लेबल आणि गडद लोगो, दोन्ही हवं.

सातवी पायरी: परीक्षा

लोगो १५ मिलिमीटर रुंदीत छापा आणि त्याची झेरॉक्स, मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स काढा. पोकळ्या भरल्या तर परत मागे. पाटीसाठी हिशेब असा: दहा फुटांवरून आरामात वाचायला एक इंच उंचीचं अक्षर. चाळीस फुटी रस्त्याच्या पलीकडून वाचायचं तर चार इंच, आणि ती उंची शिरोरेषेखालच्या अक्षराची मोजा, मात्रांसकट नव्हे. व्हॉट्सॲपचा फोटो गोल कापला जातो. चौकोनाच्या रुंदीच्या ७० टक्के चौकोनात सगळं बसवा, कोपरे कापले जात नाहीत.

मग पाच अनोळखी माणसांना तीन सेकंद दाखवा आणि काय वाचलं ते विचारा. घरच्यांना विचारू नका, त्यांना नाव आधीच माहीत असतं.

आठवी पायरी: फाइली, कागद आणि पहिला नमुना

एका फोल्डरमध्ये एवढं ठेवा: मजकूर बदलता येईल अशी मूळ एसव्हीजी (इंकस्केपची व्हेक्टर फाइल), पाथ केलेली एसव्हीजी आणि पीडीएफ, एकरंगी काळी, गडद पार्श्वभूमीसाठी उलटी पांढरी, आणि ३००० पिक्सेल रुंदीची पारदर्शक पीएनजी. फ्लेक्सवाल्यांकडे बहुतेक कोरल ड्रॉ असतं. त्यात पाथ केलेली पीडीएफ उघडते. अक्षरं पाथ न करता दिली तर तिथे फॉन्ट नसल्याने नाव भलतंच दिसतं, आणि जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं सुटी होतात. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून जोडा. फोटो दाबून लहान केला जातो आणि दहा फुटी फ्लेक्सवर त्याच्या पायऱ्या दिसतात. भरतकामाला पंचिंगची (यंत्राला टाके सांगणारी) वेगळी फाइल करावी लागते, ती पैसे देऊन झाली की स्वतःकडे मागून ठेवा.

रेखाटन दुसऱ्या कुणी नीटनेटकं करून दिलं असेल, भाचा असला तरी, तर हक्क तुमच्याकडे दिल्याचं सहीनिशी लिहून घ्या आणि मुदत 'कायमस्वरूपी' लिहा. मुदत न लिहिल्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ती पाच वर्षं धरली जाते. ट्रेड मार्कचा अर्ज ऑनलाइन होतो. व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला एका वर्गासाठी ४५०० रुपये सरकारी फी आहे. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. लोगो काळ्या-पांढऱ्यात नोंदवा, म्हणजे संरक्षण सगळ्या रंगांना लागू होतं. टीएम ही अक्षरं आजही लावता येतात, पण वर्तुळातला आर नोंदणीच्या आधी लावणं हा गुन्हा आहे.

पाच हजार पाकिटं एकदम छापू नका. आधी एक खरा नमुना खऱ्या कागदावर किंवा कापडावर मागा. दिवसाउजेडी आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली, दोन्हीकडे बघा. पाकिटात चटणी भरून दोन दिवस ठेवा. पटलं की नमुन्याच्या पाठीवर सही, तारीख आणि शाईचे आकडे लिहून तो फाइलला लावा. पुढच्या खेपेला छापखाना बदलला, तर पडद्यावरची फाइल दाखवत बसू नका, हा नमुनाच टेबलावर ठेवा आणि 'असाच रंग हवा' म्हणून सांगा.